प्रत कुठली पाहिलीत? मागे पडलेले जागतिक सिनेमे आणि आपला डिस्कसंग्रह (फोरमवरचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

रिळांची खोली

डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्याने एक बस चालली आहे. समोरून गाडीवाला येतो, ओझं वाहणारी माणसं येतात, कोंबड्या येतात. जो कोणी बाजूला सरकतो त्याचे ड्रायव्हर मोठ्याने आभार मानतो. त्यामुळे त्या सगळ्या टापूत त्याचं नावच 'आभारी'राव पडलंय. मागच्या बाकावर एक आई मुलीला घेऊन बसली आहे. मुलीला शहरात विकायला नेलं जातंय हे बसमधल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सिनेमा मात्र आवाज चढवत नाही. बस चालत राहते, माणसं चढतात, उतरतात.

हिरोशी शिमिझूचा 'मिस्टर थँक यू', १९३६ सालचा. त्यात मध्येच रस्ता बांधणारे कोरियन मजूर दिसतात. त्यांच्यातली एक मुलगी ड्रायव्हरला थांबवते. इथलं काम संपलं, आता दुसऱ्या मुलखात जायचंय, माझ्या वडिलांना इथेच पुरलंय, येता-जाता त्यांच्याकडे लक्ष ठेवाल का, असं विचारते. तुला बसने सोडतो, असं तो म्हणतो. आपल्याच हातांनी बांधलेल्या रस्त्यावरून एकदा या बसमधून जायची तिची इच्छा होती, पण ती नको म्हणते आणि आपल्या माणसांबरोबर चालत जाते. दोन-तीन मिनिटांचा प्रसंग असेल. १९३६ च्या जपानमध्ये, कोरिया ताब्यात असताना, एका दिग्दर्शकाने बस थांबवून तो दाखवला. मी तो पहिल्यांदा पाहिला त्या रात्री पुढचा सिनेमा लावू शकलो नाही.

शिमिझू आणि ओझू दोघेही १९०३ चे, दोघेही शोचिकू स्टुडिओतले. ओझूचं नाव जगभर झालं. शिमिझूने दीडशेहून जास्त सिनेमे काढले, तरी जपानबाहेर तो कितीतरी वर्षं जवळपास अदृश्य होता. माझ्यापर्यंत तो आला चार सिनेमांच्या एका डीव्हीडी संचातून. क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने (अशा कंपनीला आम्ही 'लेबल' म्हणतो) २००७ मध्ये 'एक्लिप्स' नावाची मालिका सुरू केली होती. कॉमेंटरी (सिनेमा चालू असताना त्यावर जाणकाराचं बोलणं) नाही, मुलाखती नाहीत, खर्चिक रिस्टोरेशन (खराब झालेल्या फिल्मची दुरुस्ती) नाही. बरी प्रिंट, सबटायटल्स आणि एक छोटा लेख, बस. त्यातला पंधरावा संच शिमिझूचा, २००९ चा. मी तो केवळ मालिकेवर भरवसा ठेवून घेतला होता.

तिथून माझी शोधायची पद्धत ठरली. आधी लेबलचा हात धरायचा, मग दिग्दर्शकाचा, मग नट किंवा कॅमेरामनचा. शिमिझूवरून मी मिकिओ नारुसेकडे गेलो. नारुसेच्या 'व्हेन अ वूमन असेंड्स द स्टेअर्स' (१९६०) मध्ये हिदेको ताकामिने टोकियोच्या गिन्झा भागातल्या बारचा जिना रोज संध्याकाळी चढते. चढण्यापूर्वी तिचा चेहरा कसा बदलतो ते बघितलं आणि मग ताकामिनेचं जे मिळेल ते शोधत सुटलो. एक्लिप्स मालिकेतूनच सोव्हिएत दिग्दर्शिका लारिसा शेपित्को भेटली. 'द असेंट' ला १९७७ मध्ये बर्लिनला गोल्डन बेअर मिळाला आणि दोनच वर्षांनी ती मोटार अपघातात गेली. तिचं अर्धवट राहिलेलं काम नवऱ्याने, एलेम क्लिमोव्हने, पूर्ण केलं.

धागा काढायचं खरं कारण मात्र वेगळं आहे. बरीच वर्षं जमवल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण 'सिनेमा पाहिला' म्हणतो तेव्हा त्याची एक विशिष्ट प्रत पाहिलेली असते. जुन्या, उपेक्षित सिनेमांच्या बाबतीत ती प्रत कुठून आली हे कळल्याशिवाय आपण नेमकं काय पाहिलं हे सांगता येत नाही.

इराणचा 'चेस ऑफ द विंड' घ्या. मोहम्मद रेझा अस्लानी यांचा, १९७६ चा. १९७९ च्या क्रांतीनंतर बंदी आली आणि सिनेमा कायमचा गेला असं धरून सगळे चालले. २०१४ मध्ये दिग्दर्शकाच्या मुलाला त्याच्या निगेटिव्हचे (ज्यावरून प्रिंट काढतात त्या मूळ फिल्मचे) डबे जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडले. ते गुपचूप पॅरिसला गेले आणि २०२० मध्ये रिस्टोरेशन पूर्ण झालं. आज तो माझ्या फळीवर आहे. मेणबत्तीच्या उजेडातले ते पिवळे-तांबूस दिवाणखाने बघताना दर वेळी वाटतं, त्या दुकानात त्या दिवशी कोणी डोकावलंच नसतं तर?

तुमच्याकडे असा कुठला सिनेमा आहे? आणि कुठली प्रत?

प्रक्षेपक

फार नेमका प्रश्न. माझं उत्तर तैवानच्या एडवर्ड यांगचा 'अ ब्रायटर समर डे' (१९९१).

लांबी २३७ मिनिटं. कित्येक वर्षं जगभरच्या रसिकांनी हा सिनेमा व्हीसीडीवरून (डीव्हीडीआधीच्या, कमी दर्जाच्या डिस्कवरून) काढलेल्या प्रतींवर पाहिला. व्हीसीडीचं चित्र जेमतेम ३५२ बाय २४० ठिपक्यांचं. आता गंमत अशी की या सिनेमाचा जीवच अंधारात आहे. मुख्य मुलगा फिल्म स्टुडिओतून एक टॉर्च पळवतो आणि तो उजेडाचा गोळा सिनेमाभर फिरत राहतो. वादळी पावसाच्या रात्रीचा टोळीहल्ला तर जवळजवळ काळोखातच घडतो. जुन्या प्रतीत तिथे नुसता करडा चिखल दिसायचा, कोण कोणाला मारतंय ते आवाजावरून ओळखायचं. २००९ मध्ये रिस्टोरेशन झालं, २०१६ मध्ये क्रायटेरियनची ब्लू-रे आली. ती लावली आणि काळ्याच्या आत काळे थर दिसले. माणसं दिसली. मी जो सिनेमा मला पाठ आहे असं समजत होतो, त्याचा एक मोठा भाग त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

आता तांत्रिक गोष्टी, कारण नव्याने जमवणाऱ्यांची फसगत इथेच होते.

रीजन आधी तपासा, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते ते. डीव्हीडीचे रीजन आकड्यांनी ओळखतात : अमेरिका १, युरोप आणि जपान २. ब्लू-रेचे तीनच : ए मध्ये अमेरिका खंड, जपान, कोरिया, बी मध्ये युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, सी मध्ये भारत, चीन, रशिया. फोर-के यूएचडी डिस्कना रीजनच नसतो. संग्रह करायचाच असेल तर पहिली खरेदी सर्व रीजन चालवणाऱ्या प्लेअरची करा, डिस्कची नंतर.

दुसरं म्हणजे पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडी. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित झालेला असतो, पालमध्ये तो २५ ने पळतो. १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो आणि वेगळी दुरुस्ती केलेली नसेल तर आवाजाची पट्टीही थोडी चढते. संगीतावर कान बसलेल्याला हे लगेच जाणवतं. वेष्टनावर चार मिनिटं कमी दिसली की लोक 'सेन्सॉरने कापला' म्हणतात. बहुतेकदा काहीही कापलेलं नसतं.

तिसरं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्रेन. फिल्मवरचे ते सळसळते कण म्हणजे घाण नव्हे, चित्र त्या कणांचंच बनलेलं असतं. काही कंपन्या संगणकाने ते पुसतात. मग चेहरे मेणाचे होतात, कापडाचा पोत जातो, पावसाच्या बारीक धारा नाहीशा होतात. असं 'स्वच्छ' ट्रान्सफर (फिल्मवरून डिस्कसाठी काढलेली प्रत) मी फुकटही घेणार नाही.

निळावंती

मी या छंदात अगदी नवीन आहे, म्हणून विचारते. जगभरचे मागे पडलेले सिनेमे वाचवणाऱ्या वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्टचा दुसरा डिस्कसंच घेतला. त्यातला तुर्की सिनेमा 'लॉ ऑफ द बॉर्डर' लावला तर चित्रावर ओरखडे, मध्ये मध्ये उड्या, काही दृश्यं फार फिकट. डिस्क खराब आहे असं समजून मी ती बदलून मागितली. दुसरी आली, तीही तशीच. आता प्रक्षेपक यांचं वाचून शंका येते आहे की चूक माझीच होती. ही खरोखर एवढीच चांगली मिळते का?

आणि दुसरा प्रश्न. हे सगळं ऑनलाइन बघायला मिळत असताना डिस्क का घ्यावी? वाद घालायचा नाहीये, मला खरंच समजून घ्यायचंय.

रिळांची खोली

निळावंती, डिस्क बरोबर आहे. ल्युत्फी अकादच्या या सिनेमाच्या (१९६६) बाकी सगळ्या प्रती १९८० च्या लष्करी उठावानंतर जप्त करून नष्ट केल्या गेल्या. उरली फक्त एक प्रिंट. रिस्टोरेशन करणाऱ्यांच्या हातात तेवढंच होतं. तुम्ही पाहिलेत ते ओरखडे त्या एकुलत्या एक प्रिंटच्या अंगावरचे आहेत. तस्करी करणाऱ्या सीमेवरच्या माणसांचा सिनेमा, आणि तो स्वतःच असा निसटून आलेला. हे कळल्यावर पुन्हा एकदा लावून बघा. नट यिल्माझ ग्युनेचा चेहरा त्या ओरखड्यांच्या आडूनही पकड घेतो.

दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर साधं आहे. ऑनलाइन जे दिसतं ते हक्कांचा करार संपेपर्यंत दिसतं. एका सकाळी यादीतून नाव गेलेलं असतं. शिवाय कुठल्या निगेटिव्हवरून, कुठल्या साली, कोणी केलेलं ट्रान्सफर आहे हे तिथे सहसा लिहिलेलं नसतं. चांगल्या लेबलच्या पुस्तिकेत ते पहिल्या किंवा शेवटच्या पानावर असतं. मी नवीन डिस्क आली की आधी ते पान वाचतो.

पण डिस्कचेही हक्क संपतात हे लक्षात असू द्या. छपाई थांबली की तो संच दुर्मिळ होतो. म्हणून उपेक्षित दिग्दर्शकाचा संच दिसला आणि मन ओढ घेत असेल तर फार काळ थांबू नये.

मध्यंतर

धागा आवडला, पण एका बाबतीत माझं मत ठामपणे वेगळं आहे. 'कॉमेंटरी नाही, मुलाखती नाहीत, बस' हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय. ओळखीच्या परंपरेतल्या सिनेमाला ते चालेल. अनोळखी प्रदेशातून आलेल्या सिनेमाला मात्र सोबतचं साहित्य हवंच.

सारा माल्दोरोरचा 'साम्बिझांगा' (१९७२) बघा. अंगोला अजून पोर्तुगालच्या ताब्यात होता, म्हणून शूटिंग शेजारच्या काँगोत झालं. मारिया नावाची बाई पाठीला मूल बांधून एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात जाते. नवऱ्याला पकडून नेलंय, कुठे ठेवलंय कोणी सांगत नाही. पहिल्यांदा मी तो काहीही न वाचता पाहिला. तिचं चालणं मनात राहिलं, पण तिच्याभोवती कोण कुजबुजतंय, निरोप कोण कुठे पोचवतंय, हे अर्धवट कळलं. मग मुलाखत पाहिली, पुस्तिका वाचली, मुक्तिलढ्याच्या संघटनेचं जाळं कसं होतं ते कळलं. दुसऱ्यांदा पाहताना जाणवलं की माल्दोरोरने दोन सिनेमे एकमेकांत विणलेत. ज्या बाईला काहीच माहीत नाही तिचा एक, आणि ज्यांना सगळं माहीत आहे पण बोलता येत नाही त्यांचा दुसरा. हे मला माझं मी कधीच दिसलं नसतं.

कॉमेंटरीची सुरुवातच मुळी या जाणिवेतून झाली. १९८४ मध्ये 'किंग काँग' च्या लेझरडिस्कवर (डीव्हीडीआधीच्या मोठ्या डिस्कवर) दुसरा ध्वनिमार्ग रिकामा होता, तिथे संग्रहालयातल्या एका फिल्म-अभिरक्षकाला बोलायला बसवलं. हौशी माणसाला घरबसल्या जाणकाराशेजारी बसून सिनेमा बघता यावा ही किती मोठी सोय आहे! मी तर एखाद्या सिनेमाची डिस्क दोन लेबलांची असेल तर ज्यात अभ्यासकाचं बोलणं आहे ती घेतो, चित्र थोडं डावं असलं तरी.

प्रक्षेपक

शेवटच्या वाक्याशी असहमत. बोलणं नंतर कुठेही ऐकता येईल. चित्र एकदा मेणाचं झालं की झालं.

मध्यंतर

चित्र 'थोडं' डावं म्हणालो मी, मेणाचं नाही. मेणाचं मीही घेणार नाही.

तिसरी घंटा

मूकपटांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. 'प्रत कुठली' हा प्रश्न तिथे सगळ्यात टोकाला जातो, कारण तिथे 'वेग कुठला', म्हणजे सेकंदाला किती चौकटी, हेही विचारावं लागतं.

डेन्मार्कच्या ड्रायरचा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (१९२८) काही उपेक्षित म्हणता येणार नाही, पण त्याच्यासारखं उदाहरण नाही. मूळ निगेटिव्ह त्याच वर्षी आगीत गेली. ड्रायरने न वापरलेल्या टेक्समधून (त्याच दृश्यांच्या जादा चित्रणांतून) सिनेमा पुन्हा जोडला. म्हणजे पुढे कित्येक दशकं जगाने पाहिला तो ड्रायरने पसंत न केलेल्या टेक्सचा सिनेमा! १९८१ मध्ये ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात पहिल्या आवृत्तीची प्रिंट सापडली. मास्टर्स ऑफ सिनेमा या ब्रिटिश लेबलने २०१२ मध्ये काढलेल्या ब्लू-रेवर ती सेकंदाला २० चौकटी आणि २४ चौकटी अशा दोन्ही वेगांत दिली आहे. मी दोन्ही पाहिल्या. २० वर नायिका फाल्कोनेतीच्या डोळ्यांतलं पाणी गालावर उतरायला जो वेळ घेतं, तो २४ वर मिळत नाही. पण २४ वर न्यायाधीशांची सरबत्ती खरोखर अंगावर येते. कुठला बरोबर यावर अभ्यासकांत वाद आहे. मी २० वाला आहे, आणि संगीत बंद करून बघतो.

इथल्या लोकांना मात्र मी ब्राझीलचा 'लिमिते' (१९३१) सुचवेन. मारिओ पेशोतोने विशी-बाविशीच्या वयात काढलेला हा एकमेव पूर्ण सिनेमा. एका नावेत तीन माणसं, आणि मागे सुटलेली त्यांची आयुष्यं. नायट्रेट (जुन्या, कुजणाऱ्या फिल्मची) प्रिंट खराब होत चालली होती. दोन माणसांनी वर्षानुवर्षं झटून, चौकट-चौकट फोटो घेऊन ती वाचवली. एक तुकडा तरीही हरवलाच, तिथे आता पाटी येते. त्या पाटीपाशी मी दर वेळी थांबतो. वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्टच्या दुसऱ्या संचात आहे, म्हणजे निळावंतींकडे तो आधीपासूनच आहे.

निळावंती

आहे! अजून वेष्टनसुद्धा उघडलं नव्हतं. आज रात्री तोच. आणि 'लॉ ऑफ द बॉर्डर' काल पुन्हा पाहिला. या वेळी ओरखडे दहा मिनिटांत दिसेनासे झाले.

कोरडी फळी

एवढं जमवताय तर ते टिकायलाही हवं, म्हणून थोडं जपण्याबद्दल.

डिस्कच्या आत ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, त्यावरून लेझर परावर्तित होतो. चिकटवण्यात किंवा कडेच्या लेपात दोष राहिला की हवा आणि ओल आत शिरते आणि थर गंजतो. यालाच डिस्क रॉट म्हणतात. माझ्याकडच्या एका पूर्व युरोपीय सिनेमाच्या डीव्हीडीला हे झालं. वरून एक ओरखडा नव्हता. सिनेमा बरोबर मध्यावर अडकायचा. कारण नंतर समजलं. दोन थरांची डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते आणि थर बदलतो तो बाहेरच्या कडेजवळ, म्हणजे सिनेमाच्या साधारण मध्याला. कड खराब झालेली असली तर पहिली वीस मिनिटं बघून काहीच कळत नाही. जुनी, वापरलेली डिस्क घेतली की मधला भाग आधी चालवून बघा. उजेडासमोर धरून सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात का तेही पाहा.

डिस्क उभ्या ठेवा. ऊन आणि दमटपणा टाळा. डिस्कवर कागदी चिकटपट्टी लावू नका. पुसताना मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल फिरवून नव्हे.

आणखी एक. काही छोटी लेबलं मागणीनुसार लिहिलेल्या डिस्क विकतात, बीडी-आर किंवा डीव्हीडी-आर. छापलेल्या डिस्कपेक्षा त्या वेगळ्या असतात. त्यांच्यात माहिती रंगद्रव्याच्या किंवा तत्सम थरावर लेझरने लिहिलेली असते, त्यामुळे उष्णता आणि उजेडापासून जास्त सांभाळाव्या लागतात. कधी कधी एखादा सिनेमा फक्त तशाच डिस्कवर मिळतो. मग घ्यावाच, पण सगळ्यात थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावा.

पाणवठा

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. न पाहता विकत घेणं कितपत बरोबर? माझ्याकडे वेष्टनातच असलेल्या डिस्क वाढत चालल्यात आणि त्यांच्याकडे बघून मला अपराधी वाटतं. सेकंड रन या लेबलने काढलेल्या चेक आणि हंगेरियन सिनेमांची तर एक अख्खी रांग आहे. हंगेरीच्या यांचोचा 'द राउंड-अप' (१९६६) तेवढा पाहिलाय. त्या सपाट माळरानावर पांढऱ्या भिंतींच्या आत कैद्यांना गोल फिरवतात, ते पाहिल्यावर बाकीच्यांना हात लावायची तयारीच होईना.

रिळांची खोली

पाणवठा, अपराधी वाटून घेऊ नका. मी स्वतःसाठी एक पद्धत ठेवली आहे. एका प्रदेशाच्या किंवा दिग्दर्शकाच्या मागे लागलो की तो हातचा संपेपर्यंत नवीन घ्यायचं नाही. यांचोनंतर थेट पुढचा यांचो नको. चेक दिग्दर्शक व्लाचिलचा 'मार्केता लाझारोवा' (१९६७) घ्या. तोही काळा-पांढरा, तोही क्रूर काळातला, पण त्यात बर्फ आहे, लांडगे आहेत, श्वास आहे. पहिल्या अर्ध्या तासात कोण कुठल्या कुळाचा हे कळत नाही, तिकडे लक्ष देऊ नका. पुढे जा.

मध्यंतर, 'साम्बिझांगा' बद्दलचं तुमचं म्हणणं मला पटलं. शिमिझूच्या त्या कोरियन मुलीच्या प्रसंगातलं वजनही मला पूर्ण कळलं ते त्या रस्त्यांवर राबलेल्या मजुरांबद्दल वाचल्यावरच. त्या संचातल्या छोट्या लेखाने तेवढं काम केलं होतं, हे लिहायचं राहिलं.

आता 'प्रत कुठली' वर परत येतो, कारण दोन सिनेमे शेजारी ठेवून बघावेत असे आहेत.

कोरियाच्या किम की-यंगचा 'द हाउसमेड' (१९६०). १९८२ मध्ये निगेटिव्ह सापडली पण दोन रिळं गायब होती. १९९० मध्ये एक जुनी प्रिंट मिळाली, तिच्यावर हाताने लिहिलेली इंग्रजी सबटायटल्स. हरवलेली दोन रिळं तिच्यातून घेतली आणि रिस्टोरेशनमध्ये ती अक्षरं चौकट-चौकट पुसून काढली. त्या भागात चित्र किंचित मऊ पडतं, नीट पाहिलं तर कळतं.

दुसरा इराणच्या बहराम बेझाईचा 'डाउनपोर' (१९७२). गरीब वस्तीत नवा आलेला एक शाळामास्तर, आणि त्याच्याकडे डोळे लावून बसलेली अख्खी वस्ती. याची फक्त एकच प्रिंट उरली, ती खुद्द दिग्दर्शकाकडची. तिच्यावर इंग्रजी सबटायटल्स छापलेलीच होती. २०११ च्या रिस्टोरेशनमध्ये ओरखडे काढले, तुटलेले जोड दुरुस्त केले, पण ती अक्षरं राहिली. रिमोटवर कितीही बटणं दाबा, ती जात नाहीत.

मध्यंतर

'डाउनपोर' माझ्याकडे आहे. ती अक्षरं बघून मला दर वेळी वाटायचं की लेबलवाल्यांनी कामात कसूर केली. आत्ता उठून पुस्तिकेचं ते शेवटचं पान काढून वाचलं. एकमेव प्रिंट, दिग्दर्शकाची, असं तिथे स्पष्ट लिहिलंय.

आता पुन्हा लावतो आहे. या वेळी सबटायटल्सकडे बघत.